मुलांच्या कानातलं ग्रोमेट: ऑपरेशन ठरण्याआधीपासून ते ट्यूब गळून पडेपर्यंत काय काय करायचं

आधीच सांगून टाकते, ग्रोमेटचं, म्हणजे कानाच्या पडद्यात बारीक पोकळ नळी (ट्यूब) बसवायचं, ऑपरेशन हे दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं आणि त्या वेळात आईबाबांना बाहेर खुर्चीवर बसण्यापलीकडे काही करायचं नसतं. आपलं काम असतं ते त्याच्या आधीचे काही महिने आणि नंतरचं वर्षभर, आणि नेमकं त्याबद्दलच कोणी निवांत बसून सांगत नाही. डॉक्टर चांगले असतात पण बाहेर रांग असते, डिस्चार्जच्या वेळी नर्स भराभर बोलून जातात, आपलं अर्धं लक्ष रडणाऱ्या पोराकडे असतं, आणि मग घरी आल्यावर ड्रॉप्सची बाटली हातात धरून नवराबायको एकमेकांकडे बघत बसतात. माझ्या लेकीच्या दोन्ही कानांत ग्रोमेट बसवले आणि त्याच भुलीत नाकामागची गाठ, म्हणजे अ‍ॅडेनॉइडही काढले, तेव्हा जे जे डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं आणि जे करता करता कळलं ते इथे क्रमाने लिहितेय.

हे सगळं पडद्यामागे पाणी साचणाऱ्या मुलांबद्दल आहे हं. पडद्याला भोक आहे म्हणून तो नवा बसवायचाय किंवा कानामागच्या हाडाचं, म्हणजे मॅस्टॉइडचं ऑपरेशन आहे, तर तो प्रकार वेगळा, तिथे बऱ्याचदा कानामागे टाके असतात, आत पॅकिंग असतं आणि पाण्याचे नियम फार कडक असतात. त्यामुळे इथलं नंतरचं कुठलंच तिकडे लावू नका.

नक्की काय झालंय ते आधी समजून घ्या

पडद्याच्या आतल्या बाजूला हवेची एक छोटी पोकळी असते आणि तिथून एक नळी नाकाच्या मागे घशात उघडते. गिळताना, जांभई देताना ही नळी उघडते आणि आत ताजी हवा जाते. मोठ्यांमध्ये ती चांगली उतरती असते, लहान मुलांमध्ये आखूड आणि जवळपास आडवी असते, शिवाय तिच्या तोंडाशीच अ‍ॅडेनॉइड नावाची गाठ सुजलेली असते, त्यामुळे सर्दी झाली की नळी बंद, हवा आत जात नाही, आणि त्या पोकळीत हळूहळू पाणी साचतं. ते पाणी पुढे पुढे घट्ट होत डिंकासारखं होतं. म्हणूनच ह्याला ग्लू इअर म्हणतात.

गंमत म्हणजे ह्यात कान दुखतोच असं नाही. ताप नाही, पू नाही, पोर मजेत खेळतंय, फक्त ऐकू कमी येतंय, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. टीव्हीचा आवाज वाढवणं, सारखं "काय?" विचारणं, मागून हाक मारली की ओ न देणं, शाळेतून "लक्ष नसतं" अशी तक्रार येणं, बोबडं बोलणं जास्त काळ राहणं, कधीकधी तोल जाऊन धडपडणं, ही सगळी लक्षणं सगळ्यांना माहिती असतात. आमच्याकडे जे लक्षात आलं ते जरा वेगळंच होतं. रात्री झोपताना गोष्ट सांगायला घेतली की ही लाइट बंद करूच द्यायची नाही. आम्हाला वाटायचं अंधाराला घाबरते. मग एकदा तिच्या बाबाने हाताने तोंड झाकून तिला काहीतरी विचारलं तर तिने त्याचा हात धरून खाली ओढला, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ही आमच्या ओठांकडे बघून ऐकते. हा प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे, पाठीमागे उभं राहून किंवा तोंड झाकून साध्या आवाजात दोन-तीन छोट्या गोष्टी सांगा, आणि समोरून सांगितलेलं आणि असं सांगितलेलं ह्यात किती फरक पडतो ते बघा.

टेस्ट कोणत्या आणि त्यातलं आपण काय बघायचं

ईएनटी डॉक्टर दुर्बिणीतून पडदा बघतात, आणि मग साधारण दोन टेस्ट होतात. टिंपॅनोग्राममध्ये कानात रबरी टोक बसवून हवेचा दाब थोडा कमीजास्त करतात आणि पडदा हलतो का ते मशीन कागदावर काढतं. दुखत नाही, पण ते अर्धं मिनिट मुलाने हलायचं नाही, बोलायचं नाही, गिळायचंही नाही, एवढीच कसरत. चांगल्या कानाचा आलेख मधे टोक येऊन खाली उतरतो, त्याला टाइप ए म्हणतात. पाणी भरलेल्या कानाची रेघ सपाट येते, तो टाइप बी. टाइप सी म्हणजे टोक आहे पण दाब कमी आहे, नळी नीट चालत नाहीये.

दुसरी टेस्ट ऐकण्याची. साधारण अडीच-तीन वर्षांपासून पुढच्या मुलांना "आवाज आला की ठोकळा डब्यात टाक" असा खेळ देऊन ही टेस्ट करता येते, त्याहून लहान असेल किंवा सहकार्य करत नसेल तर झोपेत बेरा टेस्ट (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते मशीनवर बघतात) करतात. ह्या दुखण्यात बहुतेक वेळा २० ते ३० डेसिबलच्या आसपास ऐकू येणं सुरू होतं. आकडा छोटा वाटतो, पण कुजबुज साधारण ३० डेसिबलची आणि नेहमीचं बोलणं ६० च्या आसपास, म्हणजे शांत खोलीत समोर बसून बोललेलं कळतं आणि गोंगाटाच्या वर्गात मागच्या बाकावर अर्धं वाक्य हवेत विरतं. स, फ, थ असली हलकी अक्षरं तर आधीच जातात.

टेस्ट शक्यतो दिवसाच्या अशा वेळी ठेवा जेव्हा पोर झोपाळलेलं आणि भुकेलेलं नसतं. दोन्ही रिपोर्टचे मोबाइलवर फोटो काढून तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवा, पुढे वर्षभर लागत राहतात.

मग तीन महिने थांबायचं, आणि हे थांबणं म्हणजे टाळाटाळ नसते

पहिल्याच भेटीत डॉक्टर "तीन महिन्यांनी परत या" म्हणाले तर चिडू नका. सर्दीनंतर साचलेलं पाणी बऱ्याच मुलांमध्ये ह्या काळात आपोआप निघून जातं, म्हणून दोन टेस्टमध्ये साधारण तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. उलट पहिल्याच दिवशी ऑपरेशनची तारीख देत असतील तर कारण विचारा. कारण असूही शकतं, टाळू फाटलेली मुलं, डाउन सिंड्रोम असलेली मुलं, ज्यांचं बोलणं आधीच मागे आहे किंवा ज्यांचा पडदा आत ओढला गेलाय अशा मुलांत इतकं थांबत नाहीत.

ह्या तीन महिन्यांत सगळे नातेवाईक औषधं सुचवतात. अँटिबायोटिक, अ‍ॅलर्जीचं सिरप, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड, ह्यातलं काहीच हे साचलेलं पाणी घालवायला उपयोगी पडत नाही, अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ च्या सूचनांमध्ये हे सरळ लिहिलंय. मुलाला अ‍ॅलर्जीचा वेगळा त्रास असेल तर ते औषध त्यासाठी चालू राहील, पण कानासाठी म्हणून नको. आणि कानात तेल तर अजिबात नको, पाणी पडद्याच्या आत आहे आणि तेल बाहेरच राहणार.

एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे, नाकाने फुगवायचा फुगा. एका नाकपुडीला नळी लावून दुसरी दाबून धरायची आणि फुगा फुगवायचा, त्याने नळी उघडते. थोडा फायदा होतो, नुकसान जवळपास नाही, पण दिवसातून तीन वेळा नियमाने करावं लागतं आणि साधारण चार वर्षांच्या आतल्या मुलांना जमत नाही. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर ती बंद, बाल्कनीत जाऊनसुद्धा नको, धुरामुळे कानाचे त्रास वाढतात हे पक्कं आहे. शाळेत लेखी सांगून पुढचा बाक मागून घ्या. घरात बोलताना आधी नाव घ्या, तोंड वळवू द्या, मग बोला, आणि टीव्ही बंद करून बोला. लेक ऐकत नाही म्हणून ओरडणाऱ्या आजी-आजोबांना पण हे समजावून सांगा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

ऑपरेशन ठरलं, आता डॉक्टरांना काय विचारायचं

तीन महिन्यांनी पण रेघ सपाटच आणि ऐकणं कमीच, तर मग ग्रोमेट. आत काय करतात ते थोडक्यात, भूल दिल्यावर कानाच्या भोकातूनच मायक्रोस्कोपने बघत पडद्याच्या खालच्या-पुढच्या भागात बारीक चीर देतात, पाणी ओढून घेतात आणि त्या चिरेत दीड-दोन मिलिमीटरची पोकळ नळी बसवतात. बाहेर कुठे कापत नाहीत, टाका नाही, पट्टी नाही. लोकांना वाटतं त्या नळीतून पाणी वाहून बाहेर येतं, पण तिचं मुख्य काम हवा आत न्यायचं. डब्याला एकच भोक पाडलं तर आतलं तेल अडत अडत येतं आणि दुसरं पाडलं की सरळ धार लागते, तसं हे दुसरं भोक. हवा आत गेली की आतलं अस्तर सुकतं, आणि साचलेलं पाणी मूळच्या नळीतून घशात उतरू शकतं. पूर्वी नुसतीच चीर द्यायचे, ती काही दिवसांत भरून यायची आणि पाणी परत साचायचं. १९५४ साली आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी त्या चिरेत प्लॅस्टिकची नळी ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून आजची पद्धत रुळली.

विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या, तोंडपाठ ठेवलेले तिथे गेल्यावर आठवत नाहीत. ट्यूब कुठल्या प्रकारची आहे? छोटी असेल तर साधारण सहा महिने ते दीड वर्ष राहते, टी आकाराची असेल तर दोन वर्षांहून जास्त, पण टी ट्यूब पडल्यावर पडद्याला भोक राहून जाण्याची शक्यता जास्त असते. म्हणून पहिल्यांदाच होत असेल तर शक्यतो छोटी बसवतात. अ‍ॅडेनॉइड काढणार का आणि का? चार वर्षांच्या पुढच्या मुलांमध्ये ते काढल्याने पाणी परत साचण्याचं प्रमाण कमी होतं, त्याहून लहान असेल तर नाक बंद असणं, घोरणं असं वेगळं कारण लागतं. पाण्याबद्दल तुमचा नियम काय? रात्री काही झालं तर फोन कोणाला करायचा? नंतरची ऐकण्याची टेस्ट कधी? मी तर "ड्रॉप्स कसे घालायचे ते करून दाखवा" असंही म्हटलं आणि त्यांनी दाखवलं.

भूलतज्ज्ञांची भेट वेगळी होते, आणि माझ्या मते ती सर्जनच्या भेटीइतकीच महत्त्वाची. त्यांना सगळं सांगा, मूल घोरतं का, झोपेत श्वास अडकतो का, दम्याचा पंप लागतो का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, जखम झाली की रक्त लवकर थांबतं का, आणि एखादा दात हलतोय का. दाताचं हसू येईल पण ते खरंच विचारतात, हलणारा दात भुलीत पडला तर श्वासनलिकेत जाऊ शकतो. वजन त्याच आठवड्यातलं सांगा, औषधाचे सगळे डोस वजनावर ठरतात.

आणि सर्दी. ह्या मुलांना सर्दी सारखीच असते, त्यामुळे नाक नुसतं वाहतंय एवढ्यावर बहुतेक वेळा ऑपरेशन रद्द करत नाहीत. पण ताप, ओला खोकला, छातीत घरघर असेल तर दोन ते चार आठवडे पुढे ढकलतात. तुम्ही लपवून ठेवू नका, आदल्या दिवशीच फोन करून सांगा. तारीख पुन्हा मिळते, भुलीत श्वासाचा त्रास झाला तर ते निस्तरणं अवघड असतं.

मुलाला किती सांगायचं

खरं आणि थोडं. तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी, सहा-सातच्या मुलाला आठवडाभर आधी, खूप आधीपासून सांगितलं की ते मनात घोळवत बसतात. "डॉक्टर तुझ्या कानातलं पाणी काढणार, तू तेव्हा खास औषधाने झोपलेली असशील, तुला काही कळणार नाही, उठशील तेव्हा आम्ही शेजारी असू" एवढं पुरतं. "अजिबात दुखणार नाही" हे वचन देऊ नका, सलाईनची सुई टोचते तेव्हा ते खोटं ठरतं आणि मग पुढचं काहीच ते मूल मानत नाही. त्यापेक्षा हात बधिर करायचं क्रीम लावाल का असं आधी विचारून ठेवा, ते सुईच्या साधारण तासभर आधी लावावं लागतं. आम्ही बाहुलीला मास्क लावून "फुंकर मार" असा खेळ खेळलो, त्याचा तिथे उपयोग झाला.

उपाशी ठेवायचे तास

हे हॉस्पिटल सांगेल तेच पाळायचं, पण साधारण हिशोब असा, जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, काही ठिकाणी तर आता एक तासापर्यंत देतात. हा शेवटचा भाग लोक विसरतात आणि मुलाला रात्रीपासून पाणीसुद्धा देत नाहीत, मग सकाळी तहानेने पोर रडून बेजार. म्हणून "पाणी किती वाजेपर्यंत" हे घड्याळातली वेळ विचारून लिहून घ्या. आणि घरातल्या बाकीच्यांनी त्या सकाळी तिच्यासमोर काही खाऊ नका, भावंडं असतील तर त्यांना आधीच खायला घालून बाजूला करा. खिशात बिस्किट नाही ना ते पण बघा, मुलं गुपचूप खातात, आणि भुलीत पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, उपाशी ठेवायचं कारणच ते आहे.

सोबत काय न्यायचं ते फार नाही. पुढून बटणं असलेला सैल शर्ट, डोक्यातून घालायचा नको. कपड्यांचा एक जादा जोड, कारण उलटी होऊ शकते. आवडतं खेळणं. जुने रिपोर्ट. नेलपॉलिश आदल्या रात्री काढा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. कानातलं, बांगडी, सगळं घरी.

त्या दिवशी

वाट बघणं हाच मोठा भाग. नंबर लागला की काही ठिकाणी आईबाबांपैकी एकाला भूल देईपर्यंत आत येऊ देतात. गेलात तर एक माहिती असू द्या, मास्कने भूल देताना मूल हातपाय झाडतं, डोळे फिरवल्यासारखे होतात, श्वासाचा आवाज येतो आणि मग एकदम ढिलं पडतं. हे नेहमीचंच आहे, पण बघवत नाही. ज्याला बघवणार नाही त्याने बाहेर थांबावं, त्यात काही कमीपणा नाही, आमच्यात तिचा बाबा आत गेला.

नुसते ग्रोमेट असतील तर पंधरा-वीस मिनिटांत बाहेर येतात, अ‍ॅडेनॉइड असेल तर अर्धा-पाऊण तास. भूल उतरतानाच्या वेळेबद्दल कोणीतरी आधी सांगायला हवं. मूल डोळे उघडं ठेवून किंचाळतं, आईलाच ढकलतं, ओळखत नाही, सलाईन ओढायला बघतं. हे दुखण्यामुळेच असतं असं नाही, भुलीतून अर्धवट जागं झाल्याचा हा परिणाम असतो, दोन ते सहा वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो आणि बहुतेकांचा अर्ध्या तासाच्या आत उतरतो. समजावू नका, प्रश्न विचारू नका, फक्त धरून ठेवा आणि सलाईनचा हात सांभाळा. नंतर मुलांना ह्यातलं काही आठवत नाही.

पहिल्यांदा पाण्याचे घोट, मग थोड्या वेळाने हलकं मऊ काहीतरी. एक-दोन उलट्या होऊ शकतात, अ‍ॅडेनॉइड काढलं असेल तर गिळलेल्या रक्तामुळे पहिली उलटी काळपट तपकिरी येऊ शकते. लाल ताजं रक्त मात्र नर्सना लगेच दाखवायचं. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी घरी सोडतात.

घरी आल्यावरचे पहिले दिवस

नुसत्या ग्रोमेटचं दुखणं फारसं नसतं, दुसऱ्या दिवशी पोर उड्या मारतं. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, साधारण एका किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तास अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. एकाच नावाच्या सिरपमध्ये वेगवेगळ्या स्ट्रेंथ असतात, म्हणून "एक चमचा" असं न मोजता डॉक्टरांकडून मिलिलिटर लिहून घ्या आणि सिरिंजने द्या. अ‍ॅस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही. कोडीन असलेलं औषधसुद्धा नाही, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १२ वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असं २०१७ साली जाहीर केलंय.

कानातून पहिले दोन-तीन दिवस पातळ, गुलाबीसर पाणी येऊ शकतं. उशीवर जुना टॉवेल टाका, बाहेर आलेलं ओल्या कापसाने पुसा, आत काही घालू नका, इअरबड तर घरातून हद्दपारच करा.

अ‍ॅडेनॉइडवाल्यांसाठी वेगळं. तोंडाला जबरदस्त वास येतो, आठवडा ते दोन आठवडे, आणि तो जखम भरतानाचा असतो, ब्रश करून जात नाही. आवाज काही दिवस नाकातून येतो, कधी पाणी पिताना नाकातून बाहेर येतं, हळूहळू जातं. आठवडाभर शाळा, धावपळ, गर्दी नको आणि नाक जोरात शिंकरायचं नाही. ताजं रक्त आलं, झोपेत सारखं गिळतेय असं वाटलं, ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर राहिला, पाणीच पीत नाही, किंवा मान एका बाजूला आखडून वळवता येत नाही, तर सकाळची वाट न बघता जायचं.

ड्रॉप्स घालायची रीत

बहुतेकांना पहिले काही दिवस ड्रॉप्स देतात, आणि ते चुकीचे घातले तर ट्यूबच्या तोंडाशीच थांबतात. बाटली आधी मुठीत दोन-तीन मिनिटं धरून कोमट करा, गार थेंब पडला की चक्कर येते आणि मूल पुढच्या वेळी बाटली बघूनच पळतं. कुशीवर झोपवा, कान वर. कानाच्या भोकाशी ओल असेल तर आधी पुसा. तीन वर्षांपुढच्या मुलाची कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, त्याहून लहान असेल तर खाली आणि मागे. थेंब कडेने सोडायचे म्हणजे हवा अडकत नाही. आणि आता महत्त्वाचं, भोकाच्या पुढे गालाच्या बाजूला जो छोटा कूर्चेचा उंचवटा असतो तो बोटाने चार-पाच वेळा दाबायचा आणि सोडायचा. त्या दाबाने औषध नळीतून आत जातं. मग तीन-चार मिनिटं तसंच झोपवून ठेवा, एक छोटी गोष्ट सांगण्याइतका वेळ. मूल म्हणालं "घशात कडू लागलं" तर खूश व्हा, म्हणजे ट्यूब उघडी आहे आणि औषध कानातून घशापर्यंत पोचलं.

जे लिहून दिलेत तेच ड्रॉप्स, घरात पडलेली जुनी बाटली नाही. जेंटामायसिन, निओमायसिनसारखी औषधं पडदा उघडा असताना आतल्या कानाला इजा करू शकतात, म्हणून अशा कानात सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे ड्रॉप्स देतात. आणि सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त चालू ठेवू नका, बुरशी होते.

आवाजाची सवय

घरी आल्याच्या संध्याकाळी ही पलंगावर बसली होती, मी पिशवीतून औषधं काढत होते आणि त्या प्लॅस्टिकच्या चुरचुरीने तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. मग "आई, पंखा का ओरडतोय?" पंखा तोच होता. फ्लश, मिक्सर, शाळेची घंटा, सगळं काही दिवस त्रासदायक वाटतं, ते साहजिक आहे, एक-दोन आठवड्यांत मेंदू जुळवून घेतो. घाबरवणारे आवाज आधी सांगून करा. सगळ्यांनाच इतका फरक लगेच जाणवतो असंही नाही, पाणी फार घट्ट असेल तर थोडे दिवस लागतात.

पण ऐकू यायला लागलं म्हणून बोलणं आपोआप सुधारेल असं धरून बसू नका. जी अक्षरं महिनोन्‌महिने नीट ऐकूच आली नाहीत ती शिकायला वेळ लागतो. उच्चार खूप मागे असतील तर स्पीच थेरपी ह्याच काळात सुरू करा. पुढचा बाक पण लगेच सोडू नका, चार ते सहा आठवड्यांनी ऐकण्याची टेस्ट होऊ द्या, तिचा आकडा बघून ठरवा.

पाणी

ह्याच्यावर दोन डॉक्टरांची तीन मतं मिळतील. अमेरिकेतल्या त्याच ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१३ च्या आणि सुधारलेल्या २०२२ च्या सूचनांनुसार सगळ्या मुलांना सरसकट इअरप्लग लावायची आणि पोहणं बंद करायची गरज नाही, कारण भोक इतकं बारीक असतं की साधं पाणी सहसा आत शिरत नाही. साबणाचं पाणी मात्र जास्त सहज शिरतं, म्हणून साबणाच्या पाण्यात डोकं बुडवणं टाळा. खोल बुड्या मारणं, तळ्या-नदीचं पाणी, आणि पाणी गेल्यावर कान दुखणारी किंवा सारखी वाहणारी मुलं, इथे प्लग लावा. पहिल्या काही दिवसांचा नियम सर्जन सांगतील तो. आम्ही केस धुताना कापसाला व्हॅसलिन लावून बाहेरूनच बसवायचो आणि धुऊन झालं की लगेच काढायचो, ह्यापलीकडे काही केलं नाही. विमानप्रवासाची काळजी तर करूच नका, ट्यूबमुळे दाब दोन्हीकडे सारखा राहतो, उलट त्रास कमी होतो.

मधेच कान वाहायला लागला तर

कधी ना कधी वाहतोच, विशेषतः सर्दीत. पिवळट, वास येणारं पाणी आलं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नसतं, आतलं इन्फेक्शन बाहेर यायला वाट आहे, पडदा फुगून दुखत नाही, एवढा फायदाच झाला. मूल बाकी ठीक असेल तर तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकपेक्षा थेट कानात घालायचे ड्रॉप्स जास्त चांगलं काम करतात, तेव्हा सरळ सिरप लिहून दिलं तर "नुसत्या ड्रॉप्सवर चालेल का" असं विचारायला हरकत नाही. ताप, कानामागे सूज किंवा लाली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, ड्रॉप्स घालूनही आठवड्यात न थांबणं, सतत रक्त येणं, ह्यात मात्र दाखवायलाच हवं. आतला चिकटा साफ केल्याशिवाय औषध पोचत नाही, ते सक्शन क्लिनिकमध्येच होतं.

ट्यूब पडते ती कशी, आणि पुढे काय

पडद्यावरची कातडी सतत बाहेरच्या बाजूला सरकत असते, तीच ट्यूबला हळूहळू ढकलून काढते. बऱ्याचदा ती मळाबरोबर पडते आणि कोणाला कळतही नाही, आम्हालाही चेकअपमध्येच कळलं की उजवीकडची केव्हाच पडलीय. म्हणून दर चार-सहा महिन्यांनी दाखवायचं, मूल ठणठणीत असलं तरी. दोन-तीन वर्षांत पडली नाही तर काढायचं बघतात, त्याला पुन्हा छोटी भूल लागू शकते. छोट्या ट्यूबनंतर शंभरातल्या एक-दोन मुलांच्या पडद्याला भोक राहतं, त्यातली काही पुढे आपोआप भरतात. पडद्यावर पांढरा डाग दिसतोय असं रिपोर्टमध्ये लिहिलेलं असेल तर तो सहसा ऐकण्यात अडथळा आणत नाही.

साधारण चारातल्या एका मुलाला दुसऱ्यांदा ग्रोमेट लागतात. त्यामुळे दोन्ही ट्यूब पडल्यावर टिंपॅनोग्राम आणि ऐकण्याची टेस्ट परत करून घ्या, आणि त्यानंतरची पहिली मोठी सर्दी झाली की दोन-तीन आठवड्यांनी तो तोंड झाकून बोलायचा प्रयोग घरी करून बघा. परत "काय? काय?" सुरू झालं तर जुने रिपोर्ट घेऊन जा, तारखांसकट असतील तर डॉक्टरांना पुन्हा तीन महिने थांबायचं की नाही ते ठरवायला सोपं जातं. आणि दुसऱ्यांदा बसवायचं ठरलं आणि पहिल्या वेळी अ‍ॅडेनॉइड काढलं नसेल, तर ह्या खेपेला काढायचं का हा प्रश्न आधी विचारा.